भंडारदऱ्याला तंबूत एक रात्र: सासूबाई, दोन पोरं आणि डिसेंबरची थंडी

चिंचोका | २३ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. १३ डिसेंबरच्या शनिवारी पुण्याहून भंडारदऱ्याला जायचं घाटतंय. धरणाच्या पाण्याकाठी टेंटमध्ये एक रात्र. आम्ही दोघं, पोरं दोन (वय ११ आणि ७) आणि सासूबाई. त्यांचं वय ६८. गुडघे कुरकुरतात, पण 'मला घरी ठेवून जाल तर बघा' असं बजावलंय.

मागच्या वर्षी पुण्याजवळच्याच एका धरणावर असे गेलो होतो. जाहिरातीत शांतता होती. प्रत्यक्षात एकाच्या दोरीत दुसऱ्याचा पाय अडकेल असे खेटून लावलेले टेंट आणि रात्री दीडपर्यंत स्पीकर. शेजारच्या ग्रुपचं भांडण आमच्या पोरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. परत येताना धाकट्याने गाडीत दोन नव्या शब्दांचे अर्थ विचारले.

तर यंदा तसं नको. धरणाजवळच्या शेंडी गावाच्या बाजूला राहावं की पाण्याच्या पार मागच्या टोकाला रतनवाडीकडे? थंडी किती असते? बाथरूमचं काय? सासूबाईंना जमिनीवरून पटकन उठता येत नाही, त्याला काही तोड? आणि काजवे दिसतील का हो?

घाटवाट | २३ नोव्हेंबर, रात्री ११.१५

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. नाही. काजवे मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर लगडतात आणि पावसाने झड धरली की संपतात. डिसेंबरात काजवे दाखवतो म्हणणारा भेटला तर तो मोबाईलमध्ये दाखवेल.

बाकीचं उद्या लिहितो. आत्ता झोप.

आळशी ट्रेकर | २४ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

६८ वर्षांची बाई, ७ वर्षांचं पोर, डिसेंबर आणि टेंट. अहो, शेंडीत खोली घ्या, गरम पाण्याने आंघोळ करा, संध्याकाळी पाण्याकाठी चटई टाकून भेळ खा. तळं तेच, चंद्र तोच.

मृगशीर्ष | २४ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

चंद्र तोच नाही, तीच तर गंमत आहे. चिंचोका, तुम्ही न कळत काय तारीख काढलीये! १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव ऐन भरात असतो. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या मागे राहिलेल्या धुळीतून होतात, हा फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीतून होतो. उल्का तुलनेने सावकाश जातात, त्यामुळे 'कुठे? कुठे?' म्हणेपर्यंत निदान शेपूट तरी दिसतं. यंदा चंद्रही दोनच्या सुमारास उगवतोय, म्हणजे तोवर आकाश काळंकुट्ट.

दुर्बीण नको, काही नको. आडवं पडायचं आणि वर बघायचं. फक्त डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि एकदा कोणी मोबाईल पेटवला की सगळी मेहनत पाण्यात. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद रबराने बांधून न्या, दिवाळीच्या आकाशकंदिलाचा उरला असेलच.

आणि म्हणून शेंडी नको. तिथे हॉटेलांचे दिवे. रतनवाडीच्या बाजूला, नाहीतर मधल्या गावांत राहा.

निळी छत्री | २४ नोव्हेंबर, दुपारी १.२०

आम्ही गेली सहा-सात वर्षं जातो, दोनदा आईला घेऊन गेलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पाण्याची पातळी हा पहिला मुद्दा, आणि फोटो बघून बुकिंग करणाऱ्यांना तो माहीत नसतो. हे नैसर्गिक तळं नाही, प्रवरेवरचं धरण आहे. विल्सन डॅम, १९२६ सालचा, म्हणजे २०२६ साली शंभरी. साठा साधारण ११ टीएमसी (अब्ज घनफूट). ऑगस्टमध्ये भरतं तेव्हा पाणी झाडांच्या बुंध्यापर्यंत येतं. मग खाली शेतीसाठी आवर्तनं सुटायला लागली की पाणी हळूहळू मागे हटतं. डिसेंबरात काठ बराच छान असतो. एप्रिल-मेमध्ये त्याच 'लेकसाइड' टेंटपासून पाणी गाठायला भेगाळलेल्या गाळातून पायपीट करावी लागते.

दुसरं, काठ दिसतो तसा सपाट नाही. पाण्याखाली जुनी शेतं आहेत, बांध आहेत, ओढ्यांच्या घळी आहेत. घोटाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकलं की गळाभर. वर गाळ. पोरांना पाय भिजवू द्या, पण तेही हात धरून. पोहणं अजिबात नाही, कितीही येत असलं तरी.

थंडी: पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याहून खाली. पण आकड्यापेक्षा दव जास्त छळतं. टेंट सगळीकडून गच्च बंद केला की आपल्याच श्वासाची वाफ आतून कापडावर धरते आणि पहाटे तोंडावर टपटप. लोकांना वाटतं टेंट गळतोय. दोन्ही बाजूंच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा. थंडी वाजेल असं वाटतं, पण कोरडं राहिलात तर कमीच वाजते. आणि टेंट अगदी पाण्याला चिकटून नको. थंड हवा रात्री उतारावरून खाली येऊन तिथेच साचते. थोडं वरच्या टप्प्यावर, झाडापासून जवळ पण वाळक्या फांदीखाली नाही.

अंथरूण पांघरुणापेक्षा महत्त्वाचं. थंडी खालून येते. जुने पेपर, त्यावर चटई, त्यावर घोंगडी. हे केलं तर साध्या रजईत भागतं.

घाटवाट | २४ नोव्हेंबर, दुपारी २.१०

+१, सगळ्यालाच. त्यात माझी एक भर, आणि ती ठळक वाचा: शेकोटी विझताना निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं ऊब म्हणून टेंटमध्ये घेऊ नका. पाच मिनिटंसुद्धा. बंद जागेत कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. थंडीत दरवर्षी कुठे ना कुठे अशी बातमी असते.

बूट-चपला टेंटच्या आत, पिशवीत. बाहेर राहिलेच तर सकाळी झटकून घाला, विंचू असतात. खाण्याचं काही उघडं ठेवू नका. रात्री कुत्री आणि सकाळी माकडं, दोन पाळ्यांत काम चालतं.

वीकेंडचा राजा | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४५

सगळ्यांना शांतताच का हवी असते इथे? पाच दिवस ऑफिसात शांतच बसतो की. मित्र, बार्बेक्यू, गाणी, मजा. लोक पैसे मोजतात, गावाला रोजगार मिळतो. ज्यांना शांतता हवी त्यांनी घरी झोपावं.

आळशी ट्रेकर | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

मी शांततेसाठी नाही, गरम पाण्यासाठी बोलत होतो. माझं नाव या भांडणात घेऊ नका.

प्रवराकाठ | २५ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

मी अकोले तालुक्यातला, धरणाला वळसा घालून जाणारा रस्ता आहे त्यावरच्या एका गावचा. आमचे टेंट आहेत, म्हणून जाहिरात वाटू नये यासाठी नाव लिहीत नाही. ताईंना हवं तर व्यक्तिगत निरोपातून कळवेन.

राजे, तुमचं अर्धं बरोबर आहे. आमच्याकडे भात एकच पीक, पावसावर. धरण आमच्या दारात, पण पाणी जातं खाली, कालव्यांनी. पूर्वी दिवाळीनंतर घरटी एक-दोन माणसं नारायणगाव, संगमनेरकडे कामाला जायची. आता टेंटमुळे काही घरची पोरं गावात राहिली. हे मी नाकारत नाही.

पहिल्या वर्षी आम्हीपण मोठा स्पीकर आणला होता. गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर काय करणार. दोन-तीन शनिवार गेले आणि म्हशीने पान्हा चोरायला सुरुवात केली. आईने सरळ सांगितलं, एक तर ही पेटी घरात राहील नाहीतर मी. स्पीकर विकला. त्या हंगामात बुकिंग थोडं कमी झालं हेही खरं. पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रकारची माणसं यायला लागली. ती पुन्हा पुन्हा येतात.

आणि हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. गावांच्या मालकीच्या जमिनीवर टेंट लागतात, पण चारी बाजूंना रान आहे. बिबट्या आहे, दिसत नाही पण आहे. काजव्यांचं तर विचारू नका. नर लुकलुकतो तो मादीला खूण म्हणून. तुम्ही गाडीचा अप्पर मारला, मोबाईलचा फ्लॅश मारला की ती खूणच पुसली जाते. त्यांच्या हातात असतात मोजके दिवस. जूनच्या शनिवारी गाड्यांची रांग लागते आणि लोक आम्हालाच विचारतात, यंदा काजवे कमी का?

ताई, सासूबाईंसाठी सांगतो. जिथे घर आणि टेंट एकाच वावरात आहेत असंच ठिकाण बघा. रात्री त्यांना घरात झोपता येईल, पक्कं संडास-बाथरूम जवळ पडेल. फोनवर स्पष्ट विचारा: किती टेंट लावता, रात्री दिवे बंद करता का, स्पीकर आहे का. जो तिन्ही प्रश्नांना 'तुम्हाला जसं पाहिजे तसं' म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका.

चिंचोका | २५ नोव्हेंबर, रात्री ९.३०

प्रवराकाठ दादा, निरोप टाकलाय. म्हशीची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, 'त्याच घरी जायचं.'

रस्ता कुठला घेऊ? आणि दुसऱ्या दिवशी काय बघावं? सांदण दरी सगळे सांगतात.

निळी छत्री | २५ नोव्हेंबर, रात्री १०.१५

सांदण दरी सासूबाई आणि सात वर्षांच्या पोरासह नको. 'आशियातली दुसरी सर्वांत खोल दरी' वगैरे जे फिरतं त्यावर न बोललेलं बरं, पहिली कुठली ते कोणीच सांगत नाही. पण घळ सुंदर आहे, मोठमोठे धोंडे आहेत आणि डिसेंबरातही मध्ये थंडगार पाणी असतं. दरीजवळच्या साम्रद गावाला जाऊन तोंडापाशी डोकावून या फार तर.

त्यापेक्षा रतनवाडीचं अमृतेश्वर. हेमाडपंती देऊळ, बाहेरचं कोरीव काम बघताना मान दुखते. देवळाजवळची पुष्करणी चुकवू नका, आतल्या देवळ्यांमध्ये विष्णूच्या मूर्ती आहेत. प्रवरा उगम पावते तो रतनगड समोरच. धरणाजवळचा अंब्रेला फॉल हा धबधबा आत्ता नसतो, उगाच शोधत बसू नका.

पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर-शेंडी. पेट्रोल आणि रोख पैसे राजूरलाच उरकून घ्या, पुढे रेंजचा भरवसा नाही आणि रेंज नाही म्हणजे ऑनलाइन पैसेही नाहीत. राजूरचे पेढे घ्यायचे. हे ऐच्छिक नाही.

मृगशीर्ष | १२ डिसेंबर, रात्री ८.००

चिंचोका, जिलेटिन कागद?

चिंचोका | १२ डिसेंबर, रात्री ८.०४

घेतला! पिशवीत सगळ्यात वर.

चिंचोका | १६ डिसेंबर, रात्री ११.००

आलो. लिहायला दोन दिवस लागले कारण आधी कपडे धुतले. शेकोटीचा वास तिसऱ्या धुण्यात जातो.

चंदनापुरी घाटात ट्रॅफिक लागलं, राजूरला पोचेपर्यंत साडेतीन. पेढे घेतले (अर्धा किलो, शेंडीला पोचेपर्यंत पाव). वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली आणि सूर्य कलताना ठिकाणी पोचलो. पाणी अगदी स्तब्ध होतं. पलीकडचे डोंगर त्यात उलटे. मी फोटो काढले, पण घरी येऊन बघितलं तर सगळ्यात नवऱ्याची टोपी आहे.

टेंट फक्त सहा, त्यातले चार भरलेले. मालक दादांच्या आईंनी सासूबाईंना बघताक्षणी आत नेलं आणि त्या दोघी जेवणापर्यंत बाहेर आल्याच नाहीत. मग कळलं की आत बियाण्यांवर चर्चा चालली होती. सासूबाईंचं माहेर जुन्नरकडचं, घरी भातशेती होती. काळभात आणि जिरवेल ही भाताच्या जुन्या वाणांची नावं त्यांनी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती म्हणे. आजींनी कोनाड्यातून गाडग्यातलं बी काढून दाखवलं. मी देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेऱ्यांचं नाव काढलं, तर आजी म्हणाल्या, 'ती आमच्या तालुक्यातलीच की.' पद्मश्रीचं कौतुक होतंच, पण तालुक्याचं जास्त.

जेवण: नागलीची भाकरी, पिठलं, कारळ्याची चटणी, आणि आम्हा दोघांना गावठी कोंबडीचा रस्सा. धाकट्याने चटणी काहीतरी गोड समजून चमचाभर तोंडात टाकली. त्यानंतरचा अर्धा तास आमच्या वावरातही शांतता नव्हती.

साडेदहाला दादांनी सगळे दिवे घालवले. एकदम. मला क्षणभर भीतीच वाटली, खरं सांगते. पुण्यात अंधार म्हणजे लाईट गेली एवढंच. इथे आपला हात आपल्याला दिसेना. पोरं माझ्या स्वेटरला लटकली. मग हळूहळू, मृगशीर्ष यांनी लिहिलं होतं तसं, वरचं दिसायला लागलं. आधी पाच-पंचवीस, मग मोजण्याच्या पलीकडे, आणि मग खाली पाण्यातसुद्धा.

थोरलीने वही घेतली होती. उल्का दिसली की एक रेघ, लाल उजेडात. अकरा ते दीड सत्तेचाळीस रेघा झाल्या. त्यातल्या दोन धाकट्याच्या आहेत आणि संशयास्पद आहेत, कारण तो तेव्हा झोपेत होता. एक मात्र डोंगराच्या वरून पाण्यापर्यंत अशी गेली की चारही टेंटमधून एकदम आवाज आला.

सासूबाई घरात झोपल्या होत्या. एक वाजून गेल्यावर काठी टेकत आजींबरोबर बाहेर आल्या. त्यांना खाली बसता येत नाही म्हणून दादांनी सुतळीची बाज अंगणात आणून टाकली. त्यावर दोन्ही म्हाताऱ्या एका घोंगडीत. आणि सासूबाई उत्तरेकडच्या डोंगराकडे बोट दाखवून पोरीला म्हणाल्या, 'ती बघ म्हातारीची बाज. चार खूर वर आलेत. तीन चोर अजून डोंगराआड आहेत, येतील मागनं.' सप्तर्षी! मृगाच्या पट्ट्याला त्या तिकांडं म्हणाल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली, या बाईंना आकाश वाचता येतं हे मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. 'पुण्यात कुठे दाखवू, तुमच्या बाल्कनीतून?' म्हणाल्या.

पहाटे खूप गारठलो. खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या होत्या, तरी थोडं दव आलंच, पण शेजारच्या टेंटमधल्या मुलांच्या रजया पिळून काढाव्या लागल्या. निळी छत्री, तुमचे पेपर आणि घोंगडी कामी आले.

रतनवाडीला दुसऱ्या दिवशी गेलो. देवळाबद्दल वेगळं लिहीन, इथे मावणार नाही.

मृगशीर्ष | १६ डिसेंबर, रात्री ११.२५

सत्तेचाळीस! मी नाशिकच्या गच्चीवरून नऊ मोजल्या. सासूबाईंना विचारा, कृत्तिकांना त्यांच्याकडे काय म्हणतात? ही नावं कोणीतरी लिहून ठेवायला हवीत. वेगळा धागाच काढा.

वीकेंडचा राजा | १७ डिसेंबर, सकाळी १०.३०

वर्णन छान आहे. दिवे घालवल्यावर करायचं काय, हा प्रश्न माझा अजून आहे. पण गावठी कोंबडीचा पत्ता निरोपात द्या.

आळशी ट्रेकर | १७ डिसेंबर, सकाळी ११.००

आंघोळीचं लिहिलं नाहीत.

चिंचोका | १७ डिसेंबर, दुपारी १.१५

चुलीवरच्या हंड्यातलं कढत पाणी, एकेक बादली. पक्कं बाथरूम, कडी लागणारं. तुमच्यासाठी मुद्दाम पाहून ठेवलं होतं.

प्रवराकाठ | १७ डिसेंबर, रात्री ८.४०

ताई, लाडू आणले होते तो स्टीलचा डबा तुमच्या सासूबाई आमच्याकडे विसरल्यात. माझा भाऊ रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. रिकामा डबा द्यायचा नाही म्हणून आई अडून बसलीये. काय भरू ते विचारून सांगा.

चिंचोका | १७ डिसेंबर, रात्री ९.०५

विचारलं. अर्ध्यात काळभाताचं बी, अर्ध्यात कारळ्याची चटणी, मध्ये कागद घालून. धाकटा म्हणतोय चटणीवर नाव लिहून पाठवा.